पतंगाचं वजन

सोमवार, सकाळी नऊ चाळीस. आम्रपालीने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, तेव्हा आमरीचं, म्हणजे कुंडीतल्या ऑर्किडचं, शेवटचं फूल कोमेजलं होतं आणि त्याच्यामागे बोंड धरलं होतं.

मांजरी गावापलीकडच्या टेकडीवर या जातीचं एकच रोप उरलं होतं. इमारतीसाठी टेकडी सपाट झाली, त्याच्या आदल्या दिवशी तिने ते कुंडीत आणलं. फुलामागे बारा सेंटिमीटरची मधनळी. तिच्या तळाशी पोचेल एवढी सोंड एकाच पतंगाची, आणि तो पन्नास वर्षांत कुणाला दिसला नव्हता. चार फुलांना तिने काडीने पराग लावून पाहिले, चारही गळाली. कंद कुजायला लागला होता. पाचव्यात बी धरलं नाही, तर जात संपली.

शुक्रवारी मधनळीशी तुलनेसाठी तिने संग्रहातला त्याच जातीचा १९७१चा पतंग काढून तोलला होता. वाळलेली सोंड गुंडाळलेली असते. मोजायची तर पतंग दोन दिवस ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून मऊ करावा लागतो. घाईत झाकण लावायचं राहिलं. डबा कुंडीला टेकलेला.

पतंग टाचणीवरच होता. सोंड सरळ, बरोबर बारा सेंटिमीटर. तिला पिवळे पराग चिकटलेले. ओले.

"मुक्ताबाई, सुट्टीत कोणी आलं होतं?"

"दुसरी किल्ली माझ्यापाशीच हाय, ताई." झाडू भिंतीला लावून मुक्ताबाई डब्यात वाकल्या. "मेलेलाच हाय न्हवं ह्यो?"

"माझ्या जन्माआधीच."

"मग त्याला सांगा की तसं."

आम्रपाली हसली. मग वजनकाटा काढला.

मंगळवारी पतंग हलका भरला आणि बोंड जाड. ओल सुकतेय, असं तिने वहीत लिहिलं. बुधवारीही तसंच लिहिलं. गुरुवारी पतंग शुक्रवारच्या कोरड्या वजनाच्याही खाली गेला. त्या दिवशी तिने नुसता आकडा लिहिला.

शनिवारी डब्यात टाचणी उभी होती. वाळूवर एक खवलासुद्धा नव्हता.

बोंड चिरायला तिने पातं घेतलं. आत बी आहे की नाही, एवढं तरी कळायला हवं होतं.

"पोटुशीला कापत्यात व्हय?" मुक्ताबाई मागून म्हणाल्या.

तिने पातं खाली ठेवलं.

काल संध्याकाळी सव्वासहाला तिने टेबलावरचा दिवा लावला. बोंड दिव्याकडे वळलं.

चार मिनिटं लागली.

आज दोन.