नेमाआधीची गुणगुण

दुपारची जेवणं झाली की रेंजवर सगळं निवांत व्हायचं. पिस्तुलं कुलपात जायची आणि खेळाडू पडदे ओढलेल्या लांबट खोलीत झोपायला जायचे. कोल्हापूरबाहेरच्या, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या केंद्रात हीच सरावाची सर्वांत महत्त्वाची वेळ होती. नव्याने येणाऱ्यांना याचं हसू यायचं.

शर्वाणी इंगवलेलाही आलं होतं. पंचवीस मीटर पिस्तूल हा तिचा प्रकार. त्यातल्या जलद फेरीत पिस्तुलाचा हात खाली धरून उभं राहायचं, लाल दिवा जाऊन हिरवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडायची. घाई केली की तिची गोळी भरकटायची. नेम जपायला गेली की दिवा पुन्हा लाल व्हायचा. वर्षभर ती या दोन चुकांमध्ये हेलकावत होती.

मग तिच्या कपाळावर निद्रापट्टी आली. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो. त्या गिरवण्याला ही मऊ पट्टी हलक्या विद्युतस्पंदांनी वळण लावायची. ते वळण होतं केंद्राच्या प्रशिक्षक नसीम मुजावर यांचं. एके काळी त्यांच्याइतका झटपट नेम देशात कुणाचा नव्हता. गोळी झाडताना त्यांचा मेंदू हाताला काय सांगतो, त्याचा ठसा संशोधकांनी तेव्हाच नोंदवून ठेवला होता. पुढे मॅडमना मेंदूत रक्तस्राव झाला. उजवा हात दुबळा झाला, जुन्या दिवसांचे तुकडेच्या तुकडे पुसले गेले. ठसा तेवढा शाबूत राहिला.

काही आठवड्यांतच शर्वाणीचा हात बदलला. खांदा न उचलता तो सरळ वर यायचा, नेम धरायची पिस्तुलाची पुढची माशी आपोआप मागच्या खाचेत बसायची आणि दिवा पुन्हा लाल व्हायला बराच अवकाश असताना गोळी मधोमध लागलेली असायची. सकाळच्या कोऱ्या सरावात, गोळ्या न भरता चाप ओढतानासुद्धा, मॅडम तिच्याकडे टक लावून बघत राहायच्या. स्वतःचाच हात दुरून बघावा, तसं.

झोपेत शर्वाणीला एक अंगण दिसू लागलं होतं. तुतीचं झाड, खाली जांभळे डाग पडलेली फरशी आणि वाकळ शिवत बसलेली एक बाई. बाई संथ काहीतरी गुणगुणायची. दोरा तोडायला तो दातांत धरला की गुणगुण थांबायची, आणि नेमक्या त्या क्षणी शर्वाणीचं बोट चापावर दाबलं जायचं. जागेपणी रेंजवरही तसंच व्हायचं. ती स्तब्धता इतकी गोड होती की सराव संपला तरी तिला त्यातून बाहेर यावंसं वाटेना.

एका रविवारी आईशी फोनवर बोलताना तिने सहज विचारलं, आपल्या अंगणातली तुती कधी तोडली? आई म्हणाली, "अगं, आपण आजऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहिलो. अंगण कुठलं आपल्याला?"

शर्वाणी हादरली. तिने लहानपणचा आईचा आवाज आठवून पाहिला, तर तिथेही तीच गुणगुण ऐकू आली.

पट्ट्यांची देखभाल करणारा अभियंता निमिष पाध्ये याने ठसा तपासला. हाताच्या हुकमाला मॅडमची एक आठवण चिकटून आली होती. ती काढली तर स्तब्धता जाईल, आणि स्तब्धतेबरोबर वेगही. ठेवली तर ती आणखी खोल रुजत जाईल, असं त्याने सांगितलं.

शर्वाणी मॅडमकडे गेली. अंगणाचं वर्णन त्यांनी मान हलवत ऐकलं; त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. मग शर्वाणीने ते सूर गुणगुणून दाखवले. मॅडमचा डावा हात हळूहळू तोंडाशी गेला.

"अम्मा," त्या म्हणाल्या. "फोटोत चेहरा दिसतो तिचा. आवाज गेला होता माझ्याकडून."

त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. बाहेर ऊन कलत गेलं तरी दोघी तशाच बसून होत्या. त्यानंतर मॅडम रोज दुपारी तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या. ती जागी झाली की अंगणात आज काय होतं, ते विचारायच्या. वाकळेचा रंग, अम्माच्या बांगड्या. शर्वाणी सांगायची आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट परत उमटायची.

निवड चाचणी तोंडावर आली, तेव्हा मॅडमनी स्वतःच तिच्या कपाळावरची पट्टी सोडवली.

"आता पुरे. इथून पुढचा सराव जागेपणी."

"आणि अम्मा?"

"ती माझी आहे, पोरी. तुझी आई अजून बोलते ना? तिचं ऐक."

शर्वाणीला राग आला, भीतीही वाटली. पहिले काही दिवस तिच्या गोळ्या पुन्हा भरकटल्या. मग ती रोज आईला फोन करू लागली आणि काही न बोलता आईची बडबड कानात साठवू लागली.

चाचणी पुण्याला होती. मॅडमना प्रवास झेपणार नव्हता. जलद फेरीत लाल दिवा लागला, शर्वाणीने हात खाली धरला आणि आईचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तो आला. पण आला तो तुतीच्या सावलीतून. वाकळेच्या एका टोकाला अम्मा बसली होती, दुसऱ्या टोकाला आई. दोघी बोलत होत्या. हिरवा दिवा लागला. दोघी एकाच वेळी श्वास घ्यायला थांबल्या.

तिची निवड झाली.

संध्याकाळी तिने मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. अम्मा आणि आई शेजारी बसलेलं असं अंगण जगात कधीच नव्हतं. ना मॅडमच्या आयुष्यात, ना तिच्या. मग ते आलं कुठून, आणि ते आता कुणाचं, हे तिला कळत नव्हतं. मग मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारलं,

"काय बोलत होत्या गं दोघी?"