उसना हात

घरून निघताना मी माझी स्वतःची चादर पिशवीत घातली. लाँड्रीत इस्त्री करतेय त्याला वीस वर्षं झाली. परक्या चादरीत काय काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. काडी गाडी सुरू करता करता म्हणाली, "दोन दिवसांसाठी चाललीयस की नांदायला?"

मी म्हटलं, "तू गाडी चालव. तोंड नंतर चालव."

काडी म्हणजे आमची शाळेपासूनची मैत्रीण, नर्स. चौथीत हातापायांच्या काड्या होत्या म्हणून काडी. आता सीटबेल्ट कसाबसा लागतो, पण नाव तेच. मागे भावली बसली होती, पार्लरवाली. गोरीपान, लांब नखं, केसांना तीन रंग. आमच्या तिघींची सहल काडीनेच ठरवली होती. तळ्याकाठचं भाड्याचं घर, शनिवार-रविवार. "म्हाताऱ्या व्हायच्या आधी एकदा पोटभर हसून घेऊ," म्हणाली.

मी हसायला चालले नव्हते. मला भावलीच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं.

लहानपणी कुठलंही नकोसं काम कुणी करायचं हे आम्ही चकून ठरवायचो. सगळ्यांनी एकदम हात पुढे करायचे, उताणे नाहीतर पालथे. जिचा हात वेगळा पडेल ती सुटली. शेवटी दोघीच उरल्या की अडतं, दोघींत वेगळी कोण ठरणार? मग सुटलेल्यांपैकी एकीने आपला हात मध्ये घालायचा. त्याला आम्ही उसना हात म्हणायचो. त्या दोघींचे हात वेगवेगळे पडले, तर उसना हात जिच्यासारखा, ती अडकली. म्हणजे खरा निकाल उसन्या हाताचा.

एके दिवशी शाळेमागची पाण्याची टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती. आमचा चेंडू आत पडला. आम्ही चौघी होतो, आम्ही तिघी आणि टिंगी. शेवटी मी आणि टिंगी उरलो. उसना हात भावलीचा. मी सुटले, टिंगी शिडीवरून उतरली. ती वर यायच्या आत टाकीत पाणी सुटलं. धो धो. आम्ही तिघी पळालो. हो, पळालो. आठ वर्षांच्या होतो. टिंगी आतच बुडाली.

दुसऱ्या दिवशी भावलीने सगळ्यांना सांगितलं, "तिखटीने शेवटच्या क्षणी हात फिरवला." तिखटी म्हणजे मी. त्या वाक्याने माझी शाळा सुटली. दोन स्थळं मोडली. टिंगीची आई रस्त्यात माझ्या अंगावर थुंकली. आणि मी हात फिरवला नव्हता. फिरवला असेल तर तो तिनेच. ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, बस.

घर लांबून बरं दिसत होतं. आत गेल्यावर ओल्या सिमेंटचा वास. खिडक्या घट्ट बसलेल्या, एकही धड उघडेना. भिंतीला हात लागला की हाताला घाम लागल्यासारखं व्हायचं. पहिल्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक आम्ही बोलायला लागलो की थांबायची. काडी म्हणाली, सेल गेला असेल. सेल गेलेलं घड्याळ पुन्हा चालत नाही, एवढं मलाही कळतं.

दुपारी जेवताना मी सरळ विचारलं, "भावले, त्या दिवशी हात कुणी फिरवला?"

"आलीस का तू त्याच्यावर? अगं, चाळीस वर्षं झाली. किती उगाळशील?"

"तुझं उगाळून झालं, माझं नाही झालं."

"मेल्यांनो, जेवा," काडी म्हणाली. काडी उठून भांडी घासायला गेली.

दिवेलागणीला घरातली वीज गेली. मेन स्विच तळघरात होता, दहा-बारा पायऱ्या उतरून. दारातूनच साचल्या पाण्याचा वास येत होता. तिघी दारापुढच्या अरुंद बोळात उभ्या राहिलो. कुणी पुढे होईना. आणि काडी सवयीने बोलून गेली, "चला, चका."

बोलली आणि स्वतःच जीभ चावली. त्या दिवसानंतर आमच्यातली कुणीही चकली नव्हती. पण आता नको म्हणणार कोण? मी म्हणणार नव्हते. भावलीही नाही. तिघींनी हात काढले. काडी सुटली.

उरलो मी आणि भावली.

"काडे, हात दे," मी म्हटलं.

तोवर बोळात मिट्ट काळोख झाला होता. मी उताणा हात धरला आणि डाव्या हाताने चाचपलं. भावलीचा पालथा, नखं लागली. तिसरा हात आला, तोही पालथा. बोटांची टोकं पाण्यात भिजून सुरकुतलेली. काडीने एवढी भांडी घासली, म्हणून असेल, असं वाटलं.

"मी सुटले," मी म्हटलं. भावली पायऱ्या उतरायला लागली.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं. लांबून काडी ओरडली, "टॉर्च सापडत नाहीये गं! डिकीत बघते!"

काडी बाहेर गेल्याचं आम्हाला कळलंच नव्हतं. आणि तो हात… काडीचा पंजा केवढा. तो हात माझ्या तळव्यात मावला असता.

"भावले," मी हाक मारली. "वर ये."

खाली काही नाही. मग पायरी वाजली. मग दुसरी. भावली वर आली ती भिंतीला धरून.

"स्विच लावलास?"

"नाही… तिखटे…"

"काय?"

"मी फिरवला होता हात. तू उतरू नयेस म्हणून… मला तू वर हवी होतीस गं."

"आणि गावभर माझं नाव का घेतलंस?"

"घाबरले. सगळे मलाच विचारत होते…"

चाळीस वर्षं ज्या वाक्यासाठी जीव अडकला होता ते मिळालं, आणि मला काहीच झालं नाही. एक थोबाडीत द्यावी म्हणून हात उचलला. तो तसाच राहिला, कारण भावली पुढे म्हणाली, "ती खाली बसलीय… म्हणते, आत्ताचं कच्चं होतं."

कच्चं म्हणजे सरावाचा डाव. तो धरायचा नसतो. खरा त्याच्यानंतरचा, पक्का.

मी भ्यायले नाही असं म्हणणार नाही. पण मला राग जास्त आला. म्हटलं, होऊन जाऊ दे. "हात काढ, भावले. या खेपेला फिरवलास तर मनगट मोडीन."

"तिखटे, नको…"

"काढ!"

मी उताणा धरला. तिचा पालथा. आणि मग तो लहान हात आला. गार वगैरे नव्हता. चांगला ऊबदार होता, खेळून आलेल्या पोरीचा असतो तसा. पण तो उताणाही पडेना, पालथाही पडेना. आडवाच राहिला, आमच्या दोघींच्या मध्ये.

"ठरव गं," मी हळूच म्हटलं. "जे असेल ते. मी उतरेन."

तेव्हा चौथा हात आला.

तो वरून पडला, पालथा, आम्हा तिघींच्या हातांवर. जड. मोठा. मनगटापर्यंत ओला, पाठीवर राठ केस. पुरुषाचा. त्याला गंजाचा वास येत होता, जुना नळ पिळल्यावर हाताला येतो तसा. भावलीने किंचाळून हात ओढून घेतला. आणि तो लहान हात सरपटत माझ्या तळव्यात आला, बोटं मुडपून, अंग चोरून. मी मूठ मिटली.

टाकी धुवायला काढलेली. नळ काही आपोआप सुटत नाही. मी हात फिरवला की भावलीने, यावर आम्ही आणि सगळ्या गावाने चाळीस वर्षं घालवली. नळ कुणी सोडला, हे एकाही माणसाने विचारलं नाही. आम्हीही नाही.

काडी टॉर्च घेऊन धावत आली. उजेड माझ्या हातावर पडला. भावली भिंतीला टेकून रडत होती. चौथं कुणी नव्हतं. हवेत धरलेली माझी मूठ तेवढी होती.

"मूठ का आवळलीयस? उघड बघू," काडी म्हणाली.

"नाही."

"अगं, उघड…"

आणि तिच्या टॉर्चच्या उजेडात, तिघींच्या डोळ्यांदेखत, माझी करंगळी उचलली जायला लागली. मी उचलत नव्हते. मी जीव खाऊन दाबून धरली होती. बाहेरून कुणीतरी ती सोडवत होतं, सावकाश, घाई नसल्यासारखं. कट् असा आवाज झाला. मग शेजारचं बोट हललं.

"बाहेर पळा," मी म्हटलं, "गाडी काढा," आणि मूठ छातीशी धरून धावले.

डॉक्टरने विचारलं, "करंगळी दारात सापडली का?" मी हो म्हटलं. आणखी काय सांगणार? करंगळीशेजारचं बोटही त्याने वरून निरखून पाहिलं. त्यावर चार वळ होते, रुंद.

मूठ मी गाडीत सोडली नाही, दवाखान्याच्या दारातही सोडली नाही. प्लास्टर घालताना त्यांनी उघडली तेव्हा आत काही नव्हतं. टिंगी कुठे निसटली, की कुणी काढून नेली, ते मला कळलं नाही.