जाहिरातीतले हात

केकवाली फोनवर शोधत होती जुना ओव्हन, आणि अंगठा घसरला तो थेट एका जुन्या अकॉर्डियनच्या जाहिरातीवर! व्हिडिओत वाजवणाऱ्याचं तोंड दिसतच नव्हतं. नुसते दोन हात – वर सारलेल्या बाह्या, लांब बोटं – आणि असे सूर, की तिने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. ओव्हन राहिला बाजूला, अकॉर्डियन घरी आलं.

"अगं, तुला सा तरी लावता येतो का?" आईने कपाळाला हात लावला.

नव्हता येत. म्हणून तर आज ती पुन्हा एकदा तक्रार घेऊन त्या हातांच्या मालकाच्या वरच्या मजल्यावरच्या घरात उभी होती. मालकाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि त्याचा स्वतःचा चष्मा मात्र सारखा नाकावरून घसरत होता.

"आज काय झालं याला?" त्याने हसू दाबत विचारलं.

"धाप लागते."

चष्मेवाल्याने पट्टे खांद्यावर चढवले, हलकेच भाता उघडला... आणि ते लबाड अकॉर्डियन गायलाच लागलं! घरी नुसतं भुंकायचं, आणि इथे आलं की माहेरी आल्यासारखं लाडात यायचं.

"धाप तर तुम्हाला लागलीय," तो म्हणाला.

"एवढं धूड घेऊन जिने चढून बघा!"

"हाक मारायची. आलो असतो की खाली..."

केकवाली विरघळलीच. पण तो लगेच गंभीर झाला. "तुम्हाला उगीच हेलपाटे नकोत. सकाळी तुमचा मेसेज आला, तेव्हाच मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलावून ठेवलं. तुमचे पैसे परत. कटकट संपली."

कटकट संपली म्हणजे सगळंच संपलं की! मग हे जिने नाहीत, तो घसरता चष्मा नाही... हे हात नाहीत.

आणि बेल वाजली.

तो दाराकडे निघाला. तिने मागून अकॉर्डियनचा पट्टाच धरला.

"थांबा! त्यात बिघाड नाहीये. कधीच नव्हता."

"मग?"

"मला वाजवता येत नाही. मी व्हिडिओ बघितला आणि... हातांसाठी आले होते हो मी! हे आपलं सोबत घ्यावं लागलं."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. बेल पुन्हा वाजली.

"विकायला तरी का काढलंत?" तिने पट्टा न सोडता विचारलं.

"ऐकायला कोणी नव्हतं."

"आता आहे ना..."

त्याने चष्मा वर सारला, अकॉर्डियन तसंच छातीशी धरून दार उघडलं. बाहेर एक गृहस्थ घाम पुसत उभे होते.

"हेच का विकायचंय?"

"माफ करा हं, हे गेलं."

"अहो, सकाळी तर होतं! कधी गेलं?"

"आत्ताच." चष्मेवाला लाजून चूर झाला होता, तरी हसू काही आवरेना. "विकणाऱ्यासकट."