खालच्या नावावरचा कवडसा

हे खरंच घडलंय. पटत नसेल तर त्या दिराला विचारा. कशाचीही थट्टा करणारा गडी, पण हा विषय निघाला की उठून जातो.

आणि रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

चौकातलं युद्धस्मारक रस्ता रुंद करायचा म्हणून दुसऱ्या दिवशी हलवणार होते. त्या दिराची वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला. सुट्टीच्या दिवशी अशा स्मारकांचे फोटो काढायची, नाव न् नाव वाचता येईल असे, आणि वेबसाइटवर चढवायची. ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांना घरबसल्या आपलं माणूस भेटावं म्हणून.

या खेपेची घाई शिंपीकाकांसाठी होती. दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. डोळे विझत चाललेले, नंबर वाढवून आता उपयोग नव्हता.

"पोरी, दिसतंय तोवर थोरल्याचं नाव दाखव," एवढंच त्यांचं मागणं. थोरला भाऊ लढाईवर गेला तो गेलाच. माती कुठली मिळाली, तेही कळलं नाही. दगडावरचं नाव तेवढं उरलं होतं.

तेही उत्तरेच्या अंगाला. तिथे ऊन पोचत नाही, आणि अक्षरं झिजून दगडाशी एकजीव झालेली. अशा वेळी मागे उन्हात कुणीतरी आरसा धरायचा आणि कवडसा तिरका पाडायचा. तिरप्या उजेडात झिजलेलं अक्षरही उठून दिसतं.

त्यासाठी धाकटा दीर आला होता, कपाटाचा लांबोडका आरसा काखेत मारून.

"वहिनी, लोक दिराला लग्नात मिरवतात. तुम्ही मला आरसा देऊन चौकात उभं करता."

"आधी तो नीट धरा भावजी, मग लग्नाचं बघू."

तिनं गुडघे टेकले. कॅमेऱ्याला डोळा लावला.

"जरा वर..."

कवडसा वर गेला.

"डावीकडे..."

डावीकडे सरकला. आणि नाव उमटलं. जणू दगडानं पापणी उघडली.

तिनं फोटो काढला.

मग कवडसा खाली घसरला... खालच्या नावावर.

"वर, भावजी."

वर आला. पुन्हा हळूच खाली.

"हात भरून आले का?"



कवडसा आता खालीच थांबला होता. हलत नव्हता. हातातला उजेड थोडा तरी थरथरतोच. हा थरथरत नव्हता.

चौकात गाड्या जात होत्या... पण त्यांचा आवाज येत नव्हता.

तिनं बटण दाबलं. त्याचाही आवाज आला नाही.

"वहिनी, घोटभर पाणी प्या."

आवाज समोरून आला. दीर स्मारकाला वळसा घालून येत होता. हातात बाटली, काखेत आरसा, काच अंगाकडे.

"तुम्ही... कधी गेलात?"

"तुम्ही कॅमेरा लावत होतात तेव्हाच. चला, धरतो आता."

दोघांनी दगडाकडे पाहिलं. सावली. अक्षरं गुडूप.

तिनं मागे वळून पाहिलं.

नुसतं ऊन पडलं होतं.

फोटो द्यावा की नाही, या विचारात ती घरभर फिरत राहिली. शेवटी दोन्ही फोटो चढवले. शिंपीकाकांनी मोबाइल डोळ्याला भिडवला. शिवण तपासावी तसं भावाच्या नावाखालून बोट फिरवलं. बराच वेळ.

"उजेड छान धरलाय. कुणी?"

"दिरानं," ती खोटं बोलली.

मग त्यांचं बोट दुसऱ्या फोटोवर थांबलं.

"आणि हा कोण?"

"माहीत नाही काका. निम्मं नाव तुटलंय. विचारत कुणी आलं नाही."

"कुणीच नाही?"



स्मारकाचे दगड आता कुठल्याशा गोदामात आहेत, नावं भिंतीकडे करून. त्या फोटोखाली अजून कुणी काही लिहिलेलं नाही. ती रोज बघते.

तिच्या घराची मागची खोली उत्तरेला आहे. तिथे ऊन येत नाही. पण दुपारी कधीकधी भिंतीवर कवडसा पडतो... लांबोडका, न थरथरणारा. दिरानं आरसा केव्हाच देऊन टाकलाय.

एकदा तिनं धीर करून विचारलं, "काय नाव हो तुमचं?"

कवडसा हलला नाही.

आपलं नाव तिच्याकडूनच कळेल, अशा आशेनं तो तिथेच थांबून राहिला.