सत्तेचाळिसावं पान

हे घडलेलं आहे. कुल्याश ही माझ्या बायकोची सख्खी मावशी आणि तिला थापा मारायची सवय नाही. उलट गप्प राहण्याचाच तिला पगार मिळायचा.

२०१९ च्या जानेवारीतला शुक्रवार. दुपारचे साडेतीन. आमच्या शहरातल्या जुन्या दप्तरखान्याचं तळघर.

तिथे १९३७-३८ साली सरकारने गोळ्या घातलेल्या माणसांच्या फायली आहेत. चार हजारांच्या वर.

कुणी नातेवाईक फाईल वाचायला आला, की आधी कुल्याश ती चाळायची. चुगली करणाऱ्यांची नावं, पुरल्याच्या जागा... असं काही सापडलं की त्या पानावर पांढरं पाकीट चढवायचं आणि सुईदोऱ्याने कडेला शिवून टाकायचं. दुहेरी गाठ. कात्रीशिवाय सुटणार नाही अशी.

एकतीस वर्षं हेच काम. बोटं सुयांनी टोचलेली, डोळे अधू झालेले. ती दमली होती. एका रात्रीच्या झोपेने जाणारा तो थकवा नव्हता.

त्या दिवशी वर वाचनकक्षात अमंताय बसले होते. वय चौऱ्याऐंशी. बसने सहा तासांचा प्रवास करून आलेले. ही त्यांची चौथी खेप.

"पोरी, चुगली कुणी केली ते मला नकोय," ते म्हणाले होते. "तोही कधीच मेला असेल. माझ्या बापाला कुठे पुरलं, तेवढं सांग. एकदा तिथे उभा राहून दुआ मागतो आणि मग मीही मरायला मोकळा."

"अगाय," वडीलधाऱ्याला हाक मारतात तसं कुल्याश चौथ्यांदा म्हणाली, "तशी नोंदच नाही."

नोंद होती. सत्तेचाळिसाव्या पानावर. पाकीट तिनेच शिवलेलं.

साहेब, म्हणजे तोलेगेन, निघताना तिला बजावून गेला होता. "आपाय," म्हणजे ताई, "ते पान झाकलेलंच राहू द्या. निवृत्तीला चार महिने उरलेत. उगाच नसती उठाठेव नको."

"मला कुठे हौस आलीय?" ती म्हणाली.

तळघरात हीटर बंद. सकाळपासून पोटात काही नाही. डब्यात शुक्रवारच्या तळलेल्या पोळ्या होत्या, शेल्पेक. आईच्या नावाने पहाटे केलेल्या. चहाच्या विजेच्या शेगडीवर तिने तवा ठेवला, थोडं तेल सोडलं आणि एक पोळी टाकली.

कागदांच्या शेजारी तापलेली शेगडी नको, हे तिला कळत होतं. पण चूक ती नव्हती.

आमच्याकडे तेलाचा वास मेलेल्या माणसांसाठी असतो. तेल तापलं की आपल्या माणसाचं नाव घ्यायचं. मग तो वास त्यालाच पोहोचतो. पहाटे घरी तिने आईचं नाव घेतलं होतं.

तळघरात तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. थकव्याने विसरली.

आणि भोवती चार हजार माणसं... ज्यांच्या घरच्यांना मेल्याची तारीखही धड कळवली नव्हती.

पोळी उलटताना तिला आवाज आला.

सर्र...

पान उलटल्याचा.

"तोलेगेन? परत आलास का?"

पाऊल वाजलं नाही. दार बंदच होतं.

सर्र... आता पलीकडच्या रांगेतून.

तिने शेगडी बंद केली. वास मात्र कमी होईना. उलट वाढतच गेला.

ती मेजाकडे वळली.

अमंतायच्या वडिलांची फाईल उघडी होती. ती तिने बंद ठेवली होती, हे ती आजही शपथेवर सांगते.

सत्तेचाळिसावं पान. पाकीट बाजूला पडलेलं. दोरा सरळ, अखंड, पानाशेजारी ठेवलेला. कुठे कापलेला नाही. दोन्ही गाठी सुटलेल्या...

तिने सुई घेतली. हो, परत शिवायलाच! सवयीचा हात तो. तीनदा दोरा ओवला, तीनदा निसटला.

मग सगळ्या रांगांमधून एकदम... सर्र. सर्र. सर्र.

कुल्याशने फाईल उचलली आणि जिना चढली. आपण धाडस केलं असं ती कधीच म्हणत नाही. "दमले होते रे," एवढंच म्हणते.

तिने ते पान अमंतायपुढे ठेवलं. त्यांना वाचता येईना, म्हणून तिनेच वाचलं.

जुन्या वीटभट्टीमागचा खड्डा. त्या दिवशीचे एकशे बारा.

भट्टी कधीच पाडली. तिथे आता नऊ मजली इमारती आहेत. बसथांब्याला मात्र आजही वीटभट्टीच म्हणतात. गेली सव्वीस वर्षं कुल्याश रोज संध्याकाळी घरी जाताना त्याच थांब्यावर उतरत होती.

म्हाताऱ्याची बस चुकली. तिने त्यांना घरी नेलं, जेवू घातलं, अंथरूण दिलं. रात्रभर दोघांपैकी कुणी झोपलं नाही.

सकाळी अमंताय खाली अंगणात गेले. मुलांच्या झोक्यांपाशी बर्फावर गुडघे टेकले आणि दुआ म्हणू लागले. कुल्याश मागे उभी.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अगं कुल्याश, कोण गं ते? कुणासाठी पढतायत?"

कुल्याशने वर पाहिलं. त्या बाईची दोन नातवंडं काचेला नाक लावून उभी होती.

"कुणी नाही. वाट चुकलेत बिचारे."

खिडकी बंद झाली.

अमंतायनी तोंडावरून हात फिरवले. चेहरा ओला होता, पण सुखी होता. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. उठताना तिचा हात धरून एवढंच विचारलं...

"पोरी, तू आमीन म्हणालीस ते बरं केलंस. पण बाकीचे कोण होते गं? केवढे तरी आवाज होते."

कुल्याशने तोंडही उघडलं नव्हतं.

ती अजून तिथेच राहते. घर विकायला काढलं, गिऱ्हाईक आलं, नवराबायको आणि लहान मुलगी. तिच्याच्याने सांगवेना आणि न सांगता विकवेना.

मी तिला चिडून म्हटलं होतं, "मावशी, शेजाऱ्यांना सांगून का टाकत नाहीस? अजून किती झाकणार?"

आणि आता हे लिहायला बसलो, तर शहराचं नाव दोनदा लिहून दोनदा खोडलं.

तिथे लोक राहतात हो. मुलं खेळतात.