हद्दवाढीच्या दप्तरातलं उपरं पत्र

"माझे वडील वशिलेबाज नव्हते," अंबिकाबाई बसण्याआधीच म्हणाल्या. "एवढं मला रविवारच्या आत सिद्ध करून हवंय."

नगरच्या सावेडी भागातल्या त्या छोट्या ऑफिसात मैत्रेयी खिस्तीनं त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. ती खासगी तपास करायची. बहुतेक वेळा लग्नाळू मुलांच्या चौकशाच. शेजारी रशीद तांबोळी बसला होता, बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर. गाडी त्याची, चालवायचाही तोच. माणूस सोन्यासारखा, पण डोकं कायम पहिल्या गिअरमध्ये.

अंबिकाबाईंचे वडील यज्ञेश्वर हातवळणे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, पन्नासएक वर्षांपूर्वी सोनवडचे नगराध्यक्ष होते. शेजारची मळेवाडी गावाच्या हद्दीत आली ती त्यांच्याच काळात. हद्दवाढ आणि नेमणुका यांवरचा त्यांचा सारा पत्रव्यवहार, पाठवलेल्या पत्रांच्या प्रतींसकट, घरच्यांनी गावच्या वाचनालयाला दिला होता. त्याचं पुस्तक निघणार होतं आणि रविवारी नव्या वाचन कक्षाला अण्णांचं नाव देणार होते. तेवढ्यात त्या दप्तरात एक भलतंच पत्र निघालं.

अंबिकाबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. पालिकेच्या छापील कागदावर टाइप केलेलं पत्र, खाली अण्णांची सही. शाळा मंडळाच्या सभापतींना लिहिलं होतं, की तुमची मळेवाडीची जमीन हद्दीत घेतो, तिचा भाव चढेल, तुम्ही माझ्या मुलीला शिक्षिका म्हणून नेमा.

"त्याच वर्षी मी शाळेत लागले," अंबिकाबाई म्हणाल्या. "निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय. आता तीच माणसं बाजारात मला बघून बोलायची थांबतात. नावाचं जाऊ द्या हो. पण मी खोटी शिक्षिका होते का, एवढं तरी मला कळू दे." त्यांचे डोळे भरून आले.

तिघं निघाली तो नेमका वाटेतल्या घोडेगावच्या बाजाराचा दिवस. जनावरांच्या टेम्पोंमागे गाडी रखडली आणि सोनवड येईपर्यंत रशीदची बडबड थांबली नाही.

वाचनालयात ग्रंथपाल पंकजानं लाल फडक्यातलं दप्तर काढून दिलं. "कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते," ती म्हणाली. "या महिन्यात दोघांनीच पाहिलं, अण्णांचा नातू वरद आणि मळेवाडीचे छगनराव."

"आणि तू?"

"मॅडम, नवी पुस्तकं नोंदवतानाच माझ्या नाकी नऊ येतात. जुनं कधी वाचू?"

मैत्रेयीनं दप्तर सोडलं. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात एकेक वाळका काटा खोचलेला होता. ते पाहून अंबिकाबाई पहिल्यांदाच हसल्या.

"अगबाई, अजून आहेत! परसातल्या बाभळीचे. लहानपणी रविवारी सकाळी मी काटे काढून डबीत भरायची. अण्णा पालिकेचे साधे सभासद होते तेव्हापासून कामाचे कागद घरी आणत, पण ऑफिसची टाचणी त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. म्हणायचे, टाचणी गावाची, काटा आपला. माझी बोटं टोचायची, मी भोकाड पसरायची, मग गुळाचा खडा मिळायचा. काय दिवस होते ते! ती डबी कुठे गेली कोण जाणे."

मैत्रेयीनं ते वादग्रस्त पत्र खिडकीशी धरलं. कोपऱ्यात टाचणीचा तपकिरी, लांबट डाग होता. काट्याचं भोक नव्हतं. बाकी दप्तरात गंजाचा ठिपकाही नव्हता.

"गंज आहे म्हणजे कागद जुना," रशीद म्हणाला. "म्हणजे पत्र खरं. संपलं की!"

"कागद जुना आहे, हे बाकी खरं," मैत्रेयी म्हणाली आणि पहिल्यापासून एकेक पत्र वाचत बसली. रशीद बाहेर जाऊन भेळ खाऊन आला, तरी ती वाचतच होती.

संध्याकाळी वरद आला. तो कॉलेजात शिकवायचा. पुस्तक तोच काढत होता.

"पत्र तुलाच सापडलं?"

"हो, दुसऱ्यांदा वाचताना. पहिल्या वेळी कसं सुटलं, देव जाणे. आत्या चिडलीय, पण इतिहास लपवायचा कसा? आणि खोटं का बोलू, अशा पत्रानं पुस्तक खपेलही."

"सगळी पत्रं घेतलीस पुस्तकात?"

"छे हो. हद्दवाढीची घेतली. किरकोळ नेमणुकांची कोण वाचतंय? ती तशीच बांधून ठेवली."

छगनराव मळेवाडीत ओट्यावरच भेटले. अंबिकाबाईंच्याच वयाचे, ताठ. त्यांनी आधी चहा मागवला, मग बोलायला सुरुवात केली.

"पत्र निघालं त्ये बरंच झालं. त्या जागेला मी बी अर्ज केल्ता. मार्क बाईंच्या बरोबरीचे. तवा मी पालिकेत रोजंदारीवर टाइपरायटर बडवायचो. ही बघा माझ्या अर्जाची नक्कल." त्यांनी पिशवीतून कागद काढला. कोपऱ्यात तपकिरी डाग होता. "टाचणी झडून गेली, पन कागद ठिवलाय. इसरायला नको."

"मग पुढे?"

"पुढं झेडपीत लागलो, पाणीपुरवठ्यात. तितंच रिटायर झालो. वशिला न्हाई, कायी न्हाई. सोताच्या जीवावर!"

"उद्या हा अर्ज घेऊन वाचनालयात याल? तुमची बाजूही पुढे यायला हवी."

"येतो की. भितो का काय कुनाला?"

सकाळी सगळे वाचनालयात जमले. मैत्रेयीनं दप्तर मध्ये ठेवलं.

"ज्या माणसानं गावाची टाचणी घरात घेतली नाही, त्याच्या दप्तरात गंजाचा डाग आला कुठून? हे पत्र इथे कधी नव्हतंच. म्हणून तर वरदला पहिल्या वेळी ते दिसलं नाही."

"पण कागद जुना आहे ना!" रशीद म्हणाला.

"आहे ना. पालिकेचा कोरा छापील कागद त्या काळी कुणाच्या हाताशी असेल? पंकजा तेव्हा जन्मलेली नव्हती, वरदही नव्हता. ज्यानं टाइप केलं तो ऑफिसातला होता. ऑफिसात सगळे टाचणीच लावत, म्हणून त्यानंही लावली. अण्णांच्या घरातला काटा त्याला माहीतच नव्हता. छगनराव, अर्ज द्या बरं."

तिनं पत्र अर्जावर ठेवून उजेडात धरलं. डागावर डाग, भोकावर भोक नेमकं बसलं. वर्षानुवर्षं दोन्ही कागद एकाच टाचणीत होते.

छगनराव समोरच्या बाकावर बसले.

"तवा रागात टाइप केलं," ते म्हणाले. "अण्णांची सही आमाला सगळ्यांनाच यायची. पाठवायची हिंमत न्हाई झाली. ऱ्हायलं अर्जाला तसंच. आता तेंचं नाव देनार म्हनल्यावर डोकं फिरलं माझं, दप्तरात सरकवलं."

"आता हे ऐका," मैत्रेयी म्हणाली. वरदनं किरकोळ म्हणून बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून तिनं एक पत्र काढलं. त्याचा काटा हातात येताच मोडला. पत्र झेडपीच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांना होतं.

"'छगन मळेवाडीकर व माझी मुलगी यांचे गुण समान होते. मी बैठकीबाहेर असताना मंडळाने चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मुलीची निघाली. मुलगा हुशार आहे, काम चोख. आपल्याकडे जागा असल्यास विचार व्हावा. मी लिहिल्याचे त्यास कळू नये, उगाच ओझे बाळगील.'"

अंबिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "चिठ्ठी," त्या पुटपुटल्या. "मला कधी बोलले नाहीत."

"काम चोख," छगनराव म्हणाले. "रोज तेंच्या दारावरनं सायकलीनं जायचो हो मी. एकदा बी नमस्कार केला न्हाई."

"पोलिसांत द्यायचं का?" वरदनं विचारलं.

"गप रे," अंबिकाबाई म्हणाल्या. "छगन, रविवारी सगळ्यांसमोर तू बोलायचंस. दोन्ही पत्रं वाचायची. तुझं आणि अण्णांचं."

"वाचतो बाई." ते उठले आणि बाहेर गेले. रशीद मागे धावणार होता, मैत्रेयीनं त्याची बाही ओढली.

थोड्या वेळानं छगनराव परत आले. हातात रस्त्याकडेच्या बाभळीचा हिरवा काटा होता आणि बोटातून रक्त येत होतं. त्यांनी तो अण्णांच्या पत्राला खोचला.

अंबिकाबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग रडता रडता हसू लागल्या.

"पंकजा," त्या म्हणाल्या, "कुणाकडे गुळाचा खडा मिळतो का बघ गं."