काठोकाठ

विषय : वहिनींना घर बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : बाहेरच्या खोलीतली कुंडी.

उपरोक्त विषयाबाबत निवेदन असे की, वहिनी ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या आणि त्यांच्या सरकारी घराची किल्ली माझ्याकडे आली. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, जाऊन वर्ष होत आलं होतं. मला काम एकच, त्याच्या झाडाला पाणी घालायचं. ब्रोमेलियाड, अननसाच्या जातीचं शोभेचं झाड; पानं तलवारीसारखी, मधोमध पेल्यासारखा खळगा.

सगळ्या झाडांना घालतात तसं मी पाणी मातीत घातलं. दुसऱ्या दिवशी कुंडीखालच्या बशीतलं पाणी कोणीतरी ओतून टाकलेलं, आणि खळगा काठोकाठ भरलेला.

"मातीत घातलंत?" दवाखान्यात वहिनी म्हणाल्या. "अहो भावोजी, ते पोटातून पितं. हे असते तर तुमची खरडपट्टी निघाली असती."

"निघाली," मी म्हणालो. दादा जिवंतपणी माझी चूक काढल्याशिवाय जेवत नसे. "वहिनी, दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"यांच्या खिशात होती... त्यांच्याबरोबरच गेली."

मी पाणी घालणं बंद केलं. खळगा भरलेलाच. एका दुपारी मी कुंडी कलती करून तो रिकामा केला, फडक्याने पुसला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. खिडक्या बंद, ओल्या मातीचा वास. स्वयंपाकघरात नळ सुटला, मग थांबला. जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. परत आलो तर खळगा भरलेला, आणि पाणी अजून हलत होतं.

मग मधली पानं लालभडक झाली.

"फुलायला आलं," वहिनी म्हणाल्या. "एकदाच फुलतं, भावोजी. मग जातं."

त्या घरी परतल्या तोवर झाड वाळून कागद झालं होतं, खळगा कोरडा. माझ्या जिवात जीव आला.

आठवड्याने भेटायला गेलो. वहिनींच्या उशाशी पाण्याचा पेला होता, काठोकाठ.

"रोज जाग येते तेव्हा तयार असतो," त्या हळूच म्हणाल्या. "तहान लागायच्या आत..."

"आणि तुम्ही पिता?"

"मग काय ओतून देऊ? त्यांनी ठेवलेला?"

त्यांच्या गालांवर लाली होती. डॉक्टर तब्येतीवर बेहद्द खूश आहेत.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वतीने अर्ज दिला. अर्जदाराने समक्ष येऊन सही करावी, असा शेरा आला. सरकारी शेरा, त्याला भूतबाधा होत नाही. वहिनी म्हणतात, "करू की. घाई कसली?"

लाली आता गळ्याखाली उतरली आहे. अर्ज प्रलंबित आहे.